मोठ्या मासेमारीची स्वस्त रिळे: एका हंगामाच्या नोंदी, निवती ते वेंगुर्ला रॉक्स

20 ऑगस्ट 2024

काल नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला आणि आज बोटीच्या फळ्या धुताना या कामाला सुरुवात करायचे ठरले. आमच्याकडे चोवीस फुटी फायबरची बोट आहे, ती चालवणारे अनुभवी तांडेल काका आहेत आणि दांडी-रिळाने मोठा मासा धरण्याची हौस असलेले आम्ही तिघे मित्र आहोत. आजवर सुरमई आणि गेदर यांच्यापुरती साधी स्पिनिंग रिळे पुरत होती. मागच्या हंगामात मात्र दोनदा कुप्याने (ट्यूनाने) सगळी दोरी उपसून नेली, तेव्हा बोटीच्या मागे आमिष ओढण्यासाठी लिव्हर ड्रॅगची, म्हणजे बाजूच्या दांड्याने (लिव्हरने) ड्रॅग, म्हणजे सुटत्या दोरीला होणारा अटकाव, कमी-जास्त करता येणारी, आडवी जड रिळे घ्यावीत असे ठरले.

नामांकित कंपनीच्या दोन गतींच्या (जलद आणि हळू अशी दोन्ही प्रकारे दोरी गुंडाळणाऱ्या) एका रिळाच्या किमतीत परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी तीन-चार सोनेरी रिळे येतात. ती घेण्यासारखी आहेत का, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुसऱ्याच्या चित्रफिती पाहून मिळत नाही, म्हणून दोन रिळे विकत घेऊन, उघडून, वजनकाट्याला लावून आणि शेवटी माशाला लावून पाहायची. जे बिघडेल ते येथे लिहीन. या स्वस्त रिळांच्या कंपन्यांची नावे देत नाही, कारण एकाच साच्यातले रीळ पाच नावांनी विकले जाते आणि माझ्या हाती आलेल्या एका नगावरून कोणाला दोष देणे बरोबर नाही.

पहिले रीळ, यापुढे ‘अ’, हे तासलेल्या अॅल्युमिनियमचे, दोन गतींचे, 30 आकाराचे असून त्याला 11,600 रुपये लागले. दुसरे, ‘ब’, हे ओतीव धातूचे, एका गतीचे असून देशातल्याच विक्रेत्याकडून 7,900 रुपयांना घेतले. तुलनेसाठी मस्कतहून परतलेल्या मित्राचे शिमानो कंपनीचे टीएलडी 25 हे रीळ उसने मिळाले आहे. ते एका गतीचे असून त्याचा सांगाडा ग्रॅफाइटचा आहे, दिसायला अगदीच साधे आहे आणि आखाती देशात दहा-बारा वर्षे खारे पाणी प्यायलेले आहे.

5 सप्टेंबर 2024

‘ब’ चार दिवसांत आले. ‘अ’ सीमाशुल्काच्या गोदामात अडकले असून, कागदपत्रांत मी ‘खेळाचे साहित्य’ एवढेच लिहिल्यामुळे वस्तूचे छायाचित्र आणि पैसे भरल्याची पावती पुन्हा मागितली गेली. चूक माझी. गणपती दोन दिवसांवर आले आहेत, तेव्हा हे आता विसर्जनानंतरच सुटणार.

19 सप्टेंबर 2024

‘अ’ हाती आले. शुल्क आणि हाताळणी मिळून 2,600 रुपये गेले, म्हणजे रीळ प्रत्यक्षात 14,200 रुपयांना पडले. स्वस्त रिळाच्या जाहिरातीतली किंमत ही घरपोच किंमत नसते, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे.

पहिल्या दर्शनात ‘अ’ फसवे वाटावे इतके सुबक आहे. सांगाडा एकसंध धातूतून तासलेला आहे, बाजूच्या तबकड्या घट्ट बसतात आणि स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, डगमगत नाही. ‘ब’ हातात घेताच हँडल दोन-तीन मिलिमीटर हलते आणि लिव्हर सरकताना मधेच अडखळतो.

दोन्ही रिळे रात्री उघडली. उघडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र काढले आणि सुटे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. मीही ती पूर्णपणे पाळली नाही, त्याचे फळ नोव्हेंबरच्या नोंदीत येईल. ‘अ’च्या आत दातेरी चाके स्टेनलेसची आहेत, ड्रॅगची चकती कार्बनची आहे, पण वंगण जवळजवळ नाहीच, आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेसचे स्क्रू कोरडेच पिळलेले आहेत. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचे पटत नाही. अॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि वर्षाने स्क्रू डोके तुटल्याशिवाय निघत नाही. सगळे स्क्रू काढून प्रत्येकाला बोटीच्या इंजिनाला वापरतात ते निळे सागरी ग्रीस लावले. ‘ब’मध्ये ड्रॅगची चकती स्पूलला चिकटवलेली असून कडेला डिंकाचा ओघळ दिसत होता. तो ओघळ पाहूनही मी पुढे गेलो.

22 सप्टेंबर 2024

आजचा दिवस काट्याचा. 700 रुपयांचा डिजिटल लटकता काटा घेतला. आम्ही 24 किलोची मोनो, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याची, दोरी वापरणार, आणि मासा लागताना ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश असावा हा सर्वमान्य हिशेब, म्हणून लिव्हर ‘स्ट्राइक’च्या खुणेवर असताना 8 किलो मिळायला हवेत.

‘अ’च्या खोक्यावर कमाल ड्रॅग 20 किलो छापले आहे. स्ट्राइकवर 8 किलो लावले, तेव्हा लिव्हर पूर्ण पुढे नेल्यावर साडेदहा किलो भरले आणि लिव्हर मागे घेतल्यावर स्पूल मोकळे फिरत राहिले. मग हट्टाने बाजूची मूळ मांडणीची, म्हणजे लिव्हरच्या खुणांवर किती ड्रॅग मिळावा हे ठरवणारी, गुंडी पिळत गेलो. स्ट्राइकवर 12 किलो येईपर्यंत स्पूल ‘फ्री’वरही मोकळे फिरेना, आणि हँडल फिरवायला दोन्ही हात लागू लागले, कारण एवढ्या दाबाखाली स्पूल बाजूच्या बेअरिंगवर रुततो. म्हणजे 20 हा आकडा कदाचित मिळेलही, पण तेव्हा ते रीळ राहत नाही, शिकंजा होतो. विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला कमाल ड्रॅग विचारू नये. स्पूल फ्रीवर मोकळे फिरत असताना स्ट्राइकवर किती मिळतो आणि त्या वेळी हँडल एका हाताने फिरते का, हे दोनच प्रश्न विचारावेत.

‘ब’ने 15 किलोंचा दावा केला होता. मोकळेपणा राखून स्ट्राइकवर 6.2 किलोच मिळाले, तेही सलग नाही: सुटताना काटा साडेआठवर उडी मारतो आणि मग सहावर येतो. मासा पहिली धाव घेतो तेव्हा दोरी तुटते ती याच उडीमुळे. जुन्या टीएलडीने 7 किलो दिले आणि काटा जागचा हलला नाही. त्याचे खोके केव्हाच हरवले आहे, त्यामुळे त्याचा दावा काय होता हे पाहता आले नाही.

24 सप्टेंबर 2024

चुकीची नोंद. ‘ब’ची उडी घालवण्यासाठी ड्रॅगच्या चकतीला मोटारसायकलच्या साखळीला लावतो ते घरातले पांढरे ग्रीस लावले. ड्रॅग 6.2 वरून 3.8 वर आला आणि उडी तशीच राहिली, उलट रात्रभर ठेवल्यावर चकती तबकडीला चिकटून बसली. सगळे अॅसिटोनने धुवायला दोन तास गेले. ड्रॅगसाठी खास बनवलेले टेफ्लॉनयुक्त ग्रीस 650 रुपयांना मागवले. ते नखावर मावेल एवढेच लावून, कापडाने जवळजवळ पुसून काढायचे असते. दोन्ही रिळांना एक डबी पाच वर्षे पुरेल.

29 सप्टेंबर 2024

दोरी भरली. ‘अ’वर 0.70 मिलिमीटरची मोनो 550 मीटर मावते असे लिहिलेले होते, प्रत्यक्षात 430 मीटर मावली. ‘ब’वर क्षमता वाढवावी म्हणून थेट धातूच्या स्पूलवर ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक दोरी, बांधली आणि तिच्यावर मोनो घेतली. काट्याला लावून ओढताच दोरीचा सगळा गठ्ठा स्पूलवर जागच्या जागी गरगर फिरू लागला, आणि मला वाटले ड्रॅग अचानक सुरळीत झाला! ब्रेड गुळगुळीत धातूला धरत नाही. तिच्याखाली आधी मोनोचे दहा-बारा वेढे घ्यावेत किंवा कापडी चिकटपट्टी लावावी, हे मी वाचलेले होते आणि तरी केले नाही. पुन्हा सगळे उतरवून, पुन्हा भरून रविवार संपला.

6 ऑक्टोबर 2024

हंगामातला सर्वांत उपयोगी दिवस पाण्याबाहेरच गेला. पहाटे ओहोटीला किनाऱ्यावर गेलो. रीळ एका फळीवर आवळले, फळी काट्याला आणि काटा सुरूच्या बुंध्याला बांधला, म्हणजे दोरीवरची ओढ काट्यावर दिसत राहते. दोरीचे दुसरे टोक मित्राच्या स्कूटरला बांधले. ओल्या वाळूवर ताशी वीसच्या वेगाने 250 मीटर जायचे, आकडे मोबाइलवर चित्रित करायचे आणि लगेच ड्रॅगच्या बाजूचे तापमान मोजायचे. पहिल्या फेरीला करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक आणली होती. ती माणसाच्या तापापुढे मोजत नाही, नुसते ‘हाय’ दाखवून गप्प बसली. शेजारच्या वर्कशॉपमधून कारखान्यात वापरतात ती आणली आणि नंतर स्वतःची 950 रुपयांना घेतली.

‘अ’ 8 किलोंवर सुटले आणि 250 मीटरच्या अखेरीस काटा साडेदहाच्या आसपास होता. यात रिळाचा दोष नाही. स्पूलवरची दोरी कमी होते तसा वेढ्याचा व्यास घटतो आणि तोच ड्रॅग दोरीला जास्त भारी पडतो. जुन्या टीएलडीचाही आकडा 7 वरून 9 वर गेला. ज्यांना हे ठाऊक नसते ते मासा दूर गेल्यावर घाबरून लिव्हर पुढे ढकलतात आणि दोरी तोडतात. खरे तर तेव्हा तो थोडा मागे घ्यायचा असतो. तिसऱ्या फेरीनंतर ‘अ’ची कड 58 अंश आणि टीएलडीची 49 अंश होती. ‘अ’चा ओढता आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला, आणि मला मान्य करावे लागेल की तेथे माझे मत त्याच्या बाजूने झुकले.

‘ब’चा आकडा साडेचार ते आठच्या मध्ये झोके घेत होता. दुसऱ्या फेरीत कड 71 अंशांवर गेली आणि जळक्या डिंकाचा वास आला. तिसरी फेरी घेतली नाही.

12 ऑक्टोबर 2024

दसरा. सकाळी अवजारांच्या पूजेत पक्कड, स्पॅनर आणि तिन्ही रिळे मांडली. ‘ब’चे मात्र सुटे भागच मांडावे लागले. चकतीचा डिंक उष्णतेने सुटला होता आणि ती स्पूलवर डगमगत होती. झोक्यांचे कारण तेच. चकती ब्लेडने उचलून काढली, दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोनने स्वच्छ केले, बारीक पॉलिश कागदाने धातू खरवडला, उशिरा घट्ट होणारा इपॉक्सी अगदी पातळ लावला आणि काचेच्या तुकड्यावर स्पूल उपडा ठेवून त्यावर पाट्याचा वरवंटा ठेवला. चोवीस तासांनी काट्यावर पाहिले तर सुटतानाची उडी साडेआठवरून सातवर आली होती आणि चालता ड्रॅग सहाच्या जवळ स्थिर होता. इपॉक्सीला 180 रुपये लागले. कारखान्यात हेच नीट केले असते तर त्यांना किती खर्च आला असता, असा विचार येतो, पण स्वस्त रिळात वाचवलेला पैसा नेमका याच ठिकाणी वाचवलेला असतो: न दिसणाऱ्या पाच मिनिटांच्या कामात.

20 ऑक्टोबर 2024

पहिली फेरी. निवतीहून निघून वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाच्या बाहेरच्या बाजूने सहा-सात नॉटने आमिष ओढले. आमच्याकडे ट्रॉलर म्हटले की जाळे ओढणारी मोठी बोट डोळ्यांपुढे येते, त्यामुळे आम्ही ट्रोलिंग, म्हणजे बोटीमागे आमिष ओढणे, करतो असे बंदरावर सांगितले की लोक आमच्या चोवीस फुटी होडीकडे संशयाने पाहतात. पाच आणि सात किलोंच्या दोन सुरमया मिळाल्या, एक ‘अ’वर आणि एक ‘ब’वर. या आकाराच्या सुरमईने कोणत्याही रिळाची परीक्षा होत नाही, तेव्हा निष्कर्ष काहीच नाही. तांडेल काकांनी ‘अ’ हातात घेऊन हँडल फिरवले आणि म्हणाले, “फिरता बरा. पण थांबतला काय?”

10 नोव्हेंबर 2024

मासा गेला. ‘अ’वरची दोरी मागच्या महिन्यात बदलून खाली ब्रेड आणि वर 100 मीटर मोनो अशी केली होती. साधारण 45 मीटर पाण्यात गेदरांच्या थव्याखालून कुपा लागला, मोनो संपून ब्रेड सुटायला लागली आणि अचानक कट्ट असा आवाज आला. ब्रेड घरी बसून हाताने सैल गुंडाळलेली होती. ताण येताच वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतला, दोरी अडली आणि गाठीजवळ तुटली. रिळाचा काही दोष नाही, शंभर टक्के माझा आहे.

परत येताना आमिष न बांधता उरलेली ब्रेड बोटीमागे सोडली आणि बोट हळू चालवत ठेवून, हातमोज्याने दाबत ताणात गुंडाळून घेतली. वीस मिनिटांचे काम. हे पहिल्याच दिवशी करावे.

24 नोव्हेंबर 2024

आज ‘अ’ची खरी परीक्षा झाली आणि तो एका गोष्टीत पास, दुसरीत सपशेल नापास झाला. खडकांच्या कडेला तळाशी बांगडा सोडला होता. जे लागले ते उठेना, सरकेना, केवळ जड होत जाई, आणि तांडेल काका तेव्हाच म्हणाले की हे पाकट (पंखांसारख्या कडांचा चपटा मासा) आहे. तळाला चिकटून बसलेले पाकट उचलणे म्हणजे दगडी जाते दोरीने ओढण्यासारखे असते. दुसऱ्या, म्हणजे हळू गतीत घेतल्यावर ‘अ’ने ते वीत-वीत करून उचलले. एका गतीच्या रिळावर हे पंपिंग करून, म्हणजे दांडी वर उचलत आणि खाली आणताना दोरी गुंडाळत, करावे लागले असते आणि कंबर गेली असती. दुसऱ्या गतीचे पैसे येथे वसूल होतात, सुरमईवर होत नाहीत.

पन्नासाव्या मिनिटाला हँडल उलटे सुटले. उलट फिरू नये म्हणून आत दातेरी चाकावर दोन खिट्ट्या असतात. त्या धरल्या नाहीत की ड्रॅग बाजूलाच राहतो आणि हँडलच पंख्यासारखे मागे फिरते. उजव्या हाताच्या दोन बोटांचे पेर सुजले, पाकट पुन्हा तळाला गेले, आणि मी लिव्हर मागे घेऊन रीळ सैल केले. शेवटी पाकट बोटीजवळ आलेच, पंखापासून पंखापर्यंत माझ्या हातांच्या कवेपेक्षा मोठे, आणि दोरी कापून सोडून दिले. बर्फात बोटे घालून बसलो असताना काकांचा शेरा ऐकला: “पैशे वाचवलंस मरे, आता बोटां सांभाळ.”

रात्री उघडून पाहिले. एका खिट्टीची स्प्रिंग वाकून निकामी झाली होती. ती मुळातच साध्या पातळ तारेची होती. दुसरी स्प्रिंग तेथे नव्हतीच. कारखान्याला शिव्या घालण्याच्या बेतात होतो, पण सप्टेंबरमधले छायाचित्र मोठे करून पाहिले तर दोन्ही स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. म्हणजे एक मी जोडताना घालायला विसरलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी ती अंड्यांच्या ट्रेच्या खाली सापडलीही. अर्धी चूक त्यांची, अर्धी माझी. बोटे मात्र दोन्ही माझीच.

अर्ध्या मिलिमीटरची स्टेनलेस स्प्रिंगची तार 120 रुपयांना आणली आणि मूळ स्प्रिंगवरून नाकाच्या पक्कडीने दोन नवीन वळवल्या. चौथ्या प्रयत्नात आकार जमला. गिटारची तार वापरा असा सल्ला मिळाला होता, पण तिचे पोलाद गंजते, म्हणून वापरली नाही.

8 डिसेंबर 2024

‘अ’ फिरताना वाळू चरडल्यासारखा आवाज. चारपैकी तीन बेअरिंगांवर तांबडा गंज, अवघ्या सात आठवड्यांत, आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारूनही. जाहिरातीत सगळी बेअरिंगे स्टेनलेस आहेत असे लिहिलेले होते. चुंबक लावून खात्री करता येते असे अनेक जण सांगतात, पण ती चाचणी फसवी आहे, कारण बेअरिंगसाठी वापरतात ते 440सी प्रतीचे चांगले स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. खात्रीची चाचणी एकच: बेअरिंगमधले वंगण धुऊन काढून ते समुद्राच्या पाण्यात रात्रभर बुडवून, सकाळी बाहेर ठेवून संध्याकाळी पाहणे.

कामानिमित्त मुंबईला जायचे होतेच, तेव्हा नागदेवी स्ट्रीटच्या अवजारे आणि सुट्या भागांच्या बाजारात गेलो. बेअरिंग कंपनीच्या नावाने मागायचे नसते, आकड्याने मागायचे असते: 10 मिलिमीटर भोक, 19 बाहेरचा व्यास, 5 जाडी म्हणजे 6800, आणि 8, 16, 5 म्हणजे 688. पहिल्या दुकानात चाळीस-चाळीस रुपयांना दिली ती साधी क्रोम पोलादाची निघाली, कारण मी आकड्याआधी ‘एस’ सांगायला विसरलो. स्टेनलेसची चार मिळायला तिसरे दुकान आणि अर्धा दिवस लागला. वाया गेलेल्यांसह 1,480 रुपये. बसवण्यापूर्वी त्यांतही सागरी ग्रीस भरले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत एकही बेअरिंग गंजले नाही. जे रीळ उघडल्यावर आतल्या बेअरिंगचा प्रमाणित आकडा दिसत नाही किंवा जुळत नाही, ते घेऊ नये. सांगाडा कितीही सोनेरी असो.

12 जानेवारी 2025

सेलफिश, पाठीवर शिडासारखा पर असलेला लांब चोचीचा मासा! सकाळी साडेनऊला उजव्या बाजूच्या दोरीवर आधी चोच आपटली, मग ‘अ’ किंचाळायला लागले. दोनशे मीटरची पहिली धाव, पाच उड्या, मधे एकदा सरळ बोटीकडे यू-टर्न. स्ट्राइकवर साडेसात किलो लावलेले होते आणि दोरी लांब गेल्यावर लिव्हर बोटभर मागे घेतला, जसा सुरूच्या झाडाखाली शिकलो होतो. पंचवीस मिनिटांत मासा बोटीशी आला. अंदाजे तीस किलोंचा असावा. चोच धरून गळ काढला, बोट हळू चालवत त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ दिले आणि सोडला. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. सोडलेला मासा त्यांच्या हिशेबात बसत नाही.

आनंदात एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहितो. घरी येऊन काट्याला लावले तर स्ट्राइकवर साडेसातऐवजी 8.9 भरले. मूळ मांडणीच्या गुंडीला ‘अ’मध्ये टिक्-टिक् असे खाचे नाहीत, त्यामुळे झगड्याच्या हादऱ्यांनी ती आपोआप घट्ट होत गेली. तेव्हापासून प्रत्येक फेरीच्या सकाळी बोट सुटण्यापूर्वी काटा लावतो आणि गुंडीवर रंगाची खूण करतो. चांगल्या रिळात हे करावे लागत नाही.

2 फेब्रुवारी 2025

‘ब’ निवृत्त. चांगली दहा-अकरा किलोंची सुरमई लागली, दांडी वाकली, आणि रीळ दांडीवरून सुटून दोरीला लोंबकळू लागले. दांडीला रीळ बांधणाऱ्या कड्याचे स्क्रू ज्यात बसतात ते ओतीव धातूचे कान तडकले होते. तडा आतून जुना आणि काळा होता, म्हणजे तो ओतकामातलाच दोष होता आणि रंगाखाली झाकलेला होता. काकांनी हातात दोरी घेतली, पायाशी वेढे टाकत सुरमई दहा मिनिटांत वर काढली आणि विचारले, “ह्येका चाक कित्याक होया?” याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते.

वेल्डिंगचा विचार केला होता. दोन वर्कशॉपवाल्यांनी तो धातू पाहून हात जोडले, कारण असल्या ओतीव मिश्रधातूला ज्योत लागली की तो जोडला जाण्याऐवजी वितळून पडतो.

16 मार्च 2025

वही समोर घेऊन बसलो. ‘अ’ला घरपोच 14,200, बेअरिंगे 1,480, ग्रीस 650, तार 120, मिळून 16,450 रुपये लागले, आणि दोरी, काटा, तापमापक वेगळे. त्याशिवाय माझे साधारण बावीस तास, ज्यांत आठ तास माझ्याच चुका निस्तरण्यात गेले. ‘ब’वर 8,080 रुपये गेले आणि हाती काही आले नाही. मित्राने जुने टीएलडी 12,000 रुपयांना देऊ केले आहे. त्यावर या हंगामात मी एकदाही पाना लावला नाही.

त्यामुळे माझे मत असे झाले आहे. ओतीव सांगाड्याचे, चिकटवलेल्या चकतीचे स्वस्त रीळ कोणत्याही किमतीला घेऊ नये. अर्ध्या किमतीत मिळाले तरी नाही. तासलेल्या सांगाड्याचे, स्टेनलेसची दातेरी चाके आणि प्रमाणित आकाराची बेअरिंगे असलेले दोन गतींचे रीळ घ्यायला हरकत नाही, मात्र ते अर्धवट बनलेले रीळ आहे आणि उरलेले अर्धे आपण बनवायचे आहे हे समजून घ्यावे. ज्याला उघडण्याचा कंटाळा आहे किंवा ज्याला सुट्टीच्या दिवशी पाहुणे बसवून बोट न्यायची आहे, त्याने ते घेऊ नये, कारण पाहुण्याच्या हातात हँडल उलटे सुटले तर त्याला सप्टेंबरमधले छायाचित्र दाखवून उपयोग नाही. अशाने जुने, साधे, एका गतीचे पण ज्याचे सुटे भाग मिळतात असे रीळ शोधावे. ‘अ’च्या विक्रेत्याला मी खिट्टीच्या स्प्रिंगसाठी तीन वेळा लिहिले. उत्तर एकदाच आले, आणि त्यात नवीन रिळावर दहा टक्के सूट होती.

टीएलडी घेतले.

25 मे 2025

एक जूनपासून दोन महिने पावसाळी मासेमारीबंदी, तेव्हा आवराआवर. दोन्ही रिळांची मोनो काढून टाकली, कारण उन्हाने आणि ताणाने ती पुढच्या हंगामापर्यंत कडक होते. ब्रेड मात्र गोड्या पाण्यात भिजवून तशीच ठेवली. रिळे कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसली, जोराच्या धारेखाली धरली नाहीत, कारण धार मीठ धूत नाही, आत ढकलते. ‘अ’चे सगळे स्क्रू एकदा सैल करून पाहिले, सप्टेंबरमध्ये ग्रीस लावलेले सोळाही विनातक्रार फिरले. दोन्हींचे लिव्हर पूर्ण मागे घेतले, नाही तर पावसाळाभर दाबाखाली राहिलेली चकती चपटी होते आणि ऑक्टोबरमध्ये पहिली ओढ झटक्याने सुटते. ‘ब’ची दातेरी चाके, हँडल आणि स्पूल डब्यात ठेवले आहेत. सांगाडा भंगारवाल्याने चाळीस रुपयांना नेला, तोही काट्यावर तोलून.